काका, पाना माझ्या हातात दिलात म्हणून

काका,

तोंडावर आभार मानले की तुम्ही पंख्याकडे बघून विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. नाव घालत नाही. सोसायटीत ज्याला कळायचं त्याला कळेल.

जुनी गाडी घ्यायची म्हटल्यावर सल्ले द्यायला अख्खं ऑफिस पुढे आलं होतं. कुणी डिझेल घे म्हणालं, कुणी सनरूफवाली. तुम्ही एवढंच विचारलंत, "रोज चालणार किती?" ऐकलंत आणि निकाल दिलात: पेट्रोल, आणि जिचा कुठलाही पार्ट नाना पेठेत पहिल्या नाही तर दुसऱ्या दुकानात मिळेल अशी. म्हणजे वॅगन आर, तीही २०१० नंतरची, के-सिरीज इंजिनची. त्यात टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे, म्हणून ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायची भानगड नाही. दापोडीच्या वर्कशॉपात एसटीच्या इंजिनांवर हयात घालवलेला माणूस ९९८ सीसीच्या तीन सिलिंडरांबद्दल इतक्या मायेनं बोलतो, याची मला गंमत वाटली होती.

गाडी बघायला निघण्याआधी विकणाऱ्याला फोन करायला लावायचात: आम्ही येईपर्यंत स्टार्टर मारू नका. एका ठिकाणी पोचल्यावर तुम्ही काही न बोलता बॉनेटवर तळहात ठेवलात. गरम! "उद्या येतो," म्हणून सरळ मागे फिरलात. कारण मला रिक्षात सांगितलंत. सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, पांढरा धूर थांबायचं नावच घेत नसेल तर कूलंट आत शिरतंय. गाडी आधीच तापवून ठेवली की यातलं बरंच लपतं.

पण खरे आभार त्या चंदेरी गाडीसाठी. पॉलिश केलेली, किंमत कमी, किलोमीटर कमी, आत एअर फ्रेशनरचा घमघमाट. मी मनातल्या मनात नंबरसुद्धा पाठ केला होता. पासिंग एमएच ०९ बघून तुम्ही म्हणालात, "कोल्हापूरच्या सगळ्याच गाड्या काही २०१९ च्या पुरात बुडाल्या नाहीत. पण बघायला काय जातंय?" आणि ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढायला लागलात, पार शेवटपर्यंत, जेवढा कुणी कधी ओढत नाही तेवढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर आडवी मातकट रेघ होती. मग सीटच्या रेलचे बोल्ट पाहिलेत, गंजलेले. स्टेपनी उचललीत, खाली कोपऱ्यात वाळलेला गाळ. विकणाऱ्याशी एका शब्दानं वाद घातला नाहीत. "छान ठेवलीय," म्हणालात आणि चपला घातल्यात. ती गाडी मी घेतली असती तर आज एकेक सेन्सर आणि एकेक कनेक्टर बदलत बसले असते.

शेवटी घेतली ती २०१२ ची, दाराला पोचा आलेली, पण रबर बीडिंग उचलून पाहिल्यावर आतले कंपनीचे स्पॉट वेल्ड (पत्रा जोडल्याचे गोल ठिपके) जसेच्या तसे, म्हणजे पत्रा कापून पुन्हा जोडलेला नाही. पोचा राहू दे म्हणालात, तो भाव पाडायच्या कामाचा आहे. नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत २०२७ ला संपते, तेव्हा फिटनेस करून पाच वर्षं वाढवून घेता येतात, पण तो खर्च आणि पर्यावरण कर आजच किमतीतून वजा कर, हेही तुमचंच. कागदांचं थोडक्यात सांगितलंत: मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, थकलेली ई-चलनं आधी तपास, आणि विमा चौदा दिवसांत नावावर करून घे. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, विकणाऱ्याचा, तो गाडीबरोबर येत नाही, हे एजंटनंसुद्धा सांगितलं नव्हतं.

मग रविवारच्या सकाळी सुरू झाल्या. पार्किंगमध्ये तुम्ही प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात चहा, आणि पाना माझ्या हातात. मला खूपदा वाटायचं, काकांनी दोन मिनिटांत करून टाकावं. तुम्ही हलला नाहीत. ऑइल काढताना इंजिन कोमट हवं, भाजेल इतकं नको. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ऑइल लाव आणि फिल्टर हातानंच बसव, पान्यानं नाही. ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. मी सगळा जोर लावायला लागले तेव्हा म्हणालात, "बोल्ट आवळायचा असतो पोरी, त्याच्यावर राग काढायचा नसतो." बॅटरीच्या टर्मिनलवरची हिरवट पांढरी पूड गरम पाण्यानं आणि खाण्याच्या सोड्यानं कशी जाते, आधी निगेटिव्ह का सोडवायचा, गाडी गरम असताना रेडिएटरच्या झाकणाला हात का लावायचा नाही, हे सगळं खुर्चीवरूनच. सेक्रेटरी फरशीवर ऑइल सांडेल म्हणून भांडायला आले, तेव्हा तुम्ही त्यांनाही ट्रे धरायला बसवलंत!

नाही म्हणायलाही तुम्हीच शिकवलंत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, खाली स्टँड हवेतच, मग बोल्ट कितीही सोपा असो. ब्रेक आणि स्टिअरिंगचं काम जाणत्या माणसाकडून, त्यात पैसे वाचवायचे नाहीत. पॅड किती उरलेत ते बघायचं, मात्र उघडायचं त्यानं. जळकं ऑइल गटारात नाही, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे.

पैशांचं विचारलं तर तुम्ही ऐकून घेत नाही, काकू डब्यात लाडू देऊन वर मलाच पाठवतात. म्हणून यापुढे विचारणार नाही. मंगळवारी तुमची गुडघ्याची तपासणी आहे असं काकूंनी सांगितलंय. रिक्षा सांगू नका, सव्वानऊला खाली या. टायरमध्ये हवा आदल्या दिवशीच भरून ठेवते, तपासायचीच असेल तर गेज डॅशबोर्डच्या खणात आहे.

तुमची,
समोरच्या विंगमधली