गाडीचा स्क्रीनशॉट कुठं लावणार, ते आधी ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या युवा पुरवणीत मागच्या आठवड्यात रेसिंग गेममधल्या फोटोंवर अर्धं पान आलं होतं. या विषयाला वर्तमानपत्रात जागा मिळाली, बरं वाटलं. पण त्यातल्या चौकटीत 'स्क्रीनशॉट नेहमी सर्वांत मोठ्या रिझोल्यूशनला घ्यावा' असा सल्ला होता, तो काही पटला नाही. रिझोल्यूशन म्हणजे चित्रात आडवे-उभे किती ठिपके, म्हणजे पिक्सेल, आहेत तो आकडा. परभणीत वसमत रोडला आमचं फ्लेक्स आणि डिजिटल प्रिंटचं दुकान आहे. डिझाइन मी करते, मशीन मालक बघतात. गेममधल्या गाड्यांचे फोटो घेऊन येणारी लेकरं आमच्याकडं आता रोजचीच झालीत. कुणाला वाढदिवसाच्या बॅनरवर गाडी पाहिजे, कुणाला खोलीत पोस्टर, कुणाला मोबाइलचं कव्हर. तुमच्या चौकटीतल्या सल्ल्यानं यांतल्या निम्म्यांचं काम होत नाही, म्हणून हे पत्र.

पोरगं येतं आणि सांगतं, "काकू, फोर-के आहे, बिनधास्त मोठा करा." फाइल उघडून बघावी तर आकडा खरोखर ३८४० × २१६० असतो. म्हणजे ८३ लाखांच्या आसपास पिक्सेल. पण झूम करून चाकापाशी गेलं की रिमच्या काड्या एकमेकींत मिसळलेल्या, मागच्या झाडांचा नुसता हिरवा लगदा, आणि नंबरप्लेटवरचे आकडे ओळखू येतील तर शपथ. आकडा खोटा नसतो, पण त्या आकड्याएवढा तपशील आत नसतो. शर्यत चालू असताना गेमला सेकंदाला ६० चित्रं काढायची असतात, एका चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात काम आटपावं म्हणून बरेच गेम आतल्या आत कमी रिझोल्यूशनचं चित्र काढतात आणि पडद्यावर द्यायच्या वेळी ते ताणून फोर-के करतात. वळणावर गर्दी झाली, धूर उडाला, पाऊस आला की आतलं रिझोल्यूशन आणखी खाली जातं. खेळताना डोळ्याला ते कळत नाही, कारण सगळं पळत असतं. नेमकं त्याच क्षणी बटण दाबून घेतलेलं चित्र म्हणजे ताणलेलंच चित्र. त्यात वेगाचा भास व्हावा म्हणून गेमनं मुद्दाम घातलेला मोशन ब्लर, म्हणजे हलल्यासारखा धूसरपणा, असतो, तो वेगळाच. वरून वेगाचा काटा, नकाशा, लॅपची वेळ हे सगळं चित्रावर छापलेलं. ते पुसायला मला गाडीपेक्षा जास्त वेळ लागतो.

म्हणून रिझोल्यूशनच्या आधी, फोटो कुठून काढायचा हा प्रश्न येतो. शर्यत संपू द्यावी, रिप्ले, म्हणजे झालेली शर्यत पुन्हा बघायची सोय, लावावा, गाडी पाहिजे तिथं आली की थांबवावं आणि फोटो मोडमध्ये, म्हणजे गेममधल्या फोटो काढायच्या सोयीत, जावं. तिथं गेमला घाई नसते. 'ग्रान टुरिस्मो ७' हा २०२२ सालचा गेम घ्या. साध्या पीएस-५ या टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर त्यात पत्र्यावरची खरीखुरी प्रतिबिंबं, ज्याला रे ट्रेसिंग म्हणतात, ती रिप्लेत दिसतात, शर्यत खेळताना दिसत नाहीत. गाडी तीच, टीव्ही तोच, पिक्सेल तेवढेच, तरी रिप्लेतून काढलेला फोटो छापला की बॉनेटवर आभाळ उतरलेलं दिसतं. त्याच गेममध्ये स्केप्स म्हणून एक प्रकार आहे. जगभरातल्या ठिकाणांचे खरे फोटो आणि तिथल्या उजेडाची नोंद त्यात भरलेली आहे, आपण फक्त आपली गाडी नेऊन उभी करायची. शटर, ॲपर्चर, पॅनिंग (पळत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवणं) सगळं हातात मिळतं. लग्नाच्या शूटिंगला आलेल्या नव्या पोरांना पॅनिंग समजावताना आम्ही घसा कोरडा करायचो, ते ही लेकरं सोफ्यावर बसून शिकतात. बरं, हे काही आजचं नाही. 'ग्रान टुरिस्मो ४' डिसेंबर २००४मध्ये जपानात आला तेव्हाच त्यात फोटो मोड होता, चित्र पेनड्राइव्हवर घेता यायचं आणि काही प्रिंटरवर थेट छापताही यायचं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणायला आपल्याला आवडतं. आमच्या गल्लीतलं एक पोरगं रोज रात्री जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या जुन्या ट्रॅकवर गाडी पळवतं आणि सकाळी तिथला फोटो छापायला दुकानात हजर असतं. म्हण खरी केली त्यानं.

आता रिझोल्यूशनचं. ते किती घ्यायचं हे फोटो कुठं जाणार त्यावर ठरतं. पोस्टकार्डाएवढी ४ × ६ इंची प्रिंट पाहिजे असेल तर फुल एचडी, म्हणजे १९२० × १०८०, पुरून उरतं. हा आकार ३:२ आणि पडदा १६:९, त्यामुळं दोन्ही बाजूंचं थोडं कापलं जाऊन १६२० × १०८० उरतं. सहा इंचाला १६२० पिक्सेल, म्हणजे इंचाला २७०. हातात धरून बघायला झकास. त्यासाठी फोर-के काढून फाइल जड करण्यात अर्थ नाही.

भिंतीवरचं १२ × १८ इंची पोस्टर मात्र फोर-केच मागतं. कापून ३२४० × २१६० राहतं, इंचाला १८० पडतात, चांगलं दिसतं. तेच फुल एचडीवरून छापलं तर इंचाला ९०च पडतात आणि गाडीच्या छताची रेघ जवळून पायऱ्या-पायऱ्यांची दिसते. आमच्या धंद्यात याला फोटो फाटला म्हणतात. फाटलेला फोटो शिवता येत नाही. फोटोशॉपमध्ये पिक्सेल वाढवता येतात, पण जो तपशील काढतानाच आला नाही तो त्यातून येत नाही. एआयवाली नवी साधनं कडा तासून देतात खरी, पण स्पॉन्सरच्या स्टिकरवरची अक्षरं मनानंच बनवतात. एकदा तर गाडीच्या दारावर कुठल्याच भाषेतलं नसलेलं नाव उमटलं होतं.

आणि फ्लेक्स? इथं लोकांचा अंदाज हमखास चुकतो. जितका बॅनर मोठा तितका फोटो मोठा पाहिजे असं वाटतं. सहा फूट रुंदीच्या बॅनरवर पूर्ण रुंदीला फोर-के फोटो लावला तर इंचाला ५३ पिक्सेल येतात, फुल एचडी लावला तर २७. आकडा ऐकून पोरं घाबरतात. पण चौकातला बॅनर कुणी नाक लावून बघत नाही. चांगल्या नजरेच्या माणसाला दहा फुटांवरून साधारण पाऊण-एक मिलिमीटरचा ठिपका वेगळा ओळखू येतो, त्याहून बारीक असेल तर तो शेजारच्यात मिसळतो. म्हणजे इंचाला तीसेक पिक्सेल असले की तेवढ्या अंतरावरून भागतं. रस्त्यापलीकडून बघणाऱ्याला तर फुल एचडीही जास्तच. त्यामुळं उरुसाच्या दिवसांत जे भले मोठे बॅनर लागतात त्यांच्यासाठी लेकरांनी फोर-केचा हट्ट धरू नये. स्वच्छ, न दाबलेला फुल एचडी आणावा, तेवढं बास.

न दाबलेला म्हणते, कारण खरी वाट तिथं लागते. फोटो चांगला काढतात आणि मग व्हॉट्सॲपवर टाकतात. तिथं तो लहानही होतो आणि दाबलाही जातो. २०२३पासून एचडीचा पर्याय आहे, पण त्यातही मूळ फाइल जशीच्या तशी येत नाही. आपण पाठवलेला फोटो मित्रानं, मित्राचा त्याच्या भावानं, असा तो आमच्याकडं येईपर्यंत गाडीच्या कडेनं चौकोनी डाग धरलेले असतात. जेपीईजी पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करते आणि प्रत्येकात काटछाट करते, ते हे डाग. उजेडापेक्षा रंगाची काटछाट जास्त होते, म्हणून काळ्या गाडीवर लाल पट्टा असला की त्याच्या कडेला लाल फुटतो. उपाय सोपा आहे. व्हॉट्सॲपवर तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा पेनड्राइव्हवर आणा. पीएस-५ असेल तर सेटिंगमध्ये कॅप्चर्सखाली स्क्रीनशॉटचा प्रकार जेपीईजी किंवा पीएनजी निवडता येतो. छापायचा असेल तर पीएनजी ठेवा. फाइल जड होते, पण काहीच गळत नाही. कॉम्प्युटरवर स्टीम या गेमच्या ॲपमधून खेळणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की एफ-१२ दाबल्यावर गेम ज्या रिझोल्यूशनला चालू आहे त्याच आकाराचं चित्र मिळतं. ग्राफिक्स कार्ड जुनं असेल तर खेळताना १२८० × ७२०वर खेळा, फोटोपुरतं रिप्लेत जाऊन रिझोल्यूशन वाढवा. चित्र अडखळत चाललं तरी चालतंय, एकच तर पाहिजे.

मोबाइलवर खेळणारे आमच्याकडं सगळ्यांत जास्त, आणि तुमच्या पानात त्यांच्याबद्दल एक ओळ नव्हती. फोनमध्ये फोटोचं रिझोल्यूशन निवडायची सोय बहुतेक नसतेच. पडदा २४०० × १०८०चा असेल तर स्क्रीनशॉटही तेवढाच. गेम आतून त्याहून कमी काढत असेल तरीही तेवढाच. म्हणून त्यांनी गेमच्या सेटिंगमधली ग्राफिक्सची पातळी फोटोपुरती वर न्यावी. शिवाय हा आकार लांबुळका. त्यातून ४ × ६ची प्रिंट काढायची तर रुंदीचा जवळपास तिसरा हिस्सा उडतो. गाडी मधोमध घेतली नसेल तर एकतर बंपर जातो नाहीतर डिकी. ब्रेक आणि नायट्रोची बटणं कोपऱ्यात असतात, ती मात्र कापण्यात आपोआप जातात, तेवढाच फायदा.

टीव्हीसमोर मोबाइल धरून काढलेल्या फोटोंबद्दल काय लिहावं! टीव्हीच्या ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याची जाळी एकमेकींवर आली की चित्रभर लहरी उठतात. फोनचा कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा असला तरी त्या लहरी जातीलच असं नाही.

रंगांचं रिझोल्यूशनशी देणंघेणं नाही, पण भांडण त्यावरूनच होतं म्हणून लिहिते. पडद्यावरचा झगझगीत पोपटी किंवा भडक केशरी हा उजेडाचा रंग असतो, शाईत तो तसा येत नाही. रात्रीच्या शर्यतीचा फोटो तर फ्लेक्सवर हमखास काळवंडतो. छापायचा असेल तर संध्याकाळच्या उजेडातली गाडी घ्या. चार रुपये वाचतील आणि आमचं डोकंही.

आता आपल्याला एक विनंती. त्याच पानावर वाचकांकडून गेममधले फोटो मागवले आहेत आणि अट घातली आहे, 'फाइल किमान ५ एमबी असावी'. ही अट काढून टाका. वर्तमानपत्राच्या कागदावर इंचाला २०० पिक्सेल भरपूर झाले. तीन कॉलमांचा फोटो म्हणजे पाचेक इंच, त्याला हजार पिक्सेल लागतात. साधा फुल एचडी स्क्रीनशॉट त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, पण जेपीईजी असेल तर तो ५ एमबीपर्यंत बहुधा पोचणारच नाही. मग लेकरं काय करतील? भरतीच्या अर्जात फोटो ५० केबीच्या आत बसवायची सवय सगळ्यांना आहेच. इथं उलटं करतील, व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो ताणून, फुगवून पीएनजी करतील आणि पाच एमबी भरून देतील. तुमच्या टेबलावर येतील ते नेमके फाटलेले फोटो, आणि फोन-कॉम्प्युटरवर कष्टानं चांगला फोटो काढणारं पोरगं अटीत बसत नाही म्हणून बाहेर राहील. अट पिक्सेलमध्ये घाला, रुंदी किमान १६०० म्हणा, मूळ फाइल ई-मेलला जोडून मागवा, आणि शक्य असेल तर शेवटची तारीख दोन-चार दिवस पुढं ढकला, कारण पाच एमबीच्या अटीपायी दोघं-तिघं कालच माझ्याकडं फोटो 'मोठा करून' न्यायला आले होते. त्यांना मी परत पाठवलंय, रिप्ले लावून नव्यानं काढा म्हणून.

आपली,
एक वाचक (फ्लेक्स डिझायनर), परभणी