माझा अंगठा धरून शिकवणाऱ्या उस्तादांना

आदरणीय उस्ताद,

तुम्हाला मराठी येत नाही. या पत्राचा मजकूर तुमच्याकडच्या जोला भाषेत तुम्हाला समजावून सांगायचं तुमच्या भाच्याने कबूल केलंय. तरी लिहितेय मराठीतच, कारण माझ्या माणसांना तुम्ही कळायला हवेत.

आमच्या मुंबईच्या मिरवणुकांत वाजतो तो बेंजो वेगळा. बटणं दाबून वाजवायचा, १९१२ साली जपानच्या नागोयात बनलेल्या ताइशोगोतोच्या कुळातला. मला वेड लागलं ते अमेरिकेतल्या कातडं मढवलेल्या बँजोचं. तो तिथल्या गोऱ्या डोंगरी लोकांचाच, असं मी कित्येक वर्षं मानत होते. पुढे वाचनात आलं, की तो गुलामांनी आफ्रिकेतून आणल्याचं थॉमस जेफर्सनने अठराव्या शतकातच लिहून ठेवलंय. म्हणून पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाला, तुमच्याकडे आले.

तुमच्या अंगणात पहिल्यांदा अकोंटिंग हे तुमचं तंतुवाद्य पाहिलं. आमच्या एकतारीसारखा भोपळा, त्यावर बकऱ्याचं कातडं, आरपार गेलेली लांब दांडी, पडदे नाहीत. तीन तारा, त्यातली एक आखूड. घोडी चिकटवलेली नाही, तारांच्या ताणावरच उभी. भातशेतीचं काम उरकलं की संध्याकाळी ताडी पिता पिता कुणीही वाजवावं असं वाद्य, त्याला वंशपरंपरेने गाणाऱ्याच्या घरात जन्मावं लागत नाही, हे तुम्ही किती अभिमानाने सांगितलंत!

पण आभार मानायचेत ते दुसऱ्या दिवसाचे. मी माझा बँजो काढून वाजवायला लागले. तुम्ही माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिलात आणि भाच्याला विचारलंत, "हिला हे कुणी शिकवलं?" नखाने तारेवर वरून खाली मारायचं आणि अंगठ्याने आखूड तार छेडायची, ही अमेरिकेतली क्लॉहॅमर पद्धत. तुमचीही तीच! मग तुम्ही माझा अंगठा धरलात. मी तो हवेत उडवत होते. तुम्ही तो आखूड तारेवर टेकवलात आणि तिथूनच सोडायला लावलात. दुपारभर, न कंटाळता.

पश्चिम आफ्रिकेत अशी तंतुवाद्यं पुष्कळ आहेत आणि बँजो घडला कॅरिबियन बेटांवर, त्यामुळे अकोंटिंग हाच त्याचा एकमेव पूर्वज असं मी म्हणणार नाही. पण साखळदंडात जहाजावर चढवलेल्या माणसांकडून हाताचं हे वळण कुणालाच काढून घेता आलं नाही, हे मला त्या दुपारी स्वतःच्या अंगठ्यात कळलं. पुस्तकांतून ते असं कधीच कळलं नव्हतं.

निघताना मी पैसे पुढे केले, तर तुम्ही माझी मूठ मिटवलीत आणि वर मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचं रीळ दिलंत. तोच दोरा आता माझ्या बँजोची आखूड तार झालाय. आवाज मऊ येतो, पण मला तोच हवाय.

माझ्यासाठी सुकत ठेवलेला भोपळा कुणाला देऊ नका. तिकडचा पावसाळा संपला की न्यायला येते.

तुमची शिष्या