चि. मनूस: ब्रिजेटवर अभिप्राय गोळा करताना

नौपाडा, ठाणे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या नेरूळच्या वाचनकट्ट्यावर या वेळी हेलन फील्डिंगची ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’, म्हणजे लंडनमधल्या तिशीतल्या ब्रिजेटच्या डायरीच्या रूपातली विनोदी इंग्रजी कादंबरी, आहे आणि चर्चा तुझ्या गळ्यात पडली आहे, हे कळलं. तू पाठवलेले अभिप्राय वाचले. ‘मस्त’, ‘टाइमपास’, ‘शेवट आधीच कळला’, ‘बाई फारच वेंधळी’. यातलं एकही वाक्य सोसायटीच्या अंकात आहे तसं छापू नकोस. ते दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाखाली छापलं तरी खपून जाईल. विनोदी पुस्तकाबद्दल वाचक दोन गोष्टी खात्रीनं सांगू शकतो: हसू कुठे आलं आणि ते कुणावर आलं. त्या दोन नेमक्या काढून घेतल्यास की चर्चेला पाय फुटतात.

म्हणून ‘आवडलं का?’ असं विचारूच नकोस. त्याला हो किंवा नाही म्हणून माणूस मोकळा होतो. त्याऐवजी अर्ध्या कागदावर चार प्रश्न छापून आठवडाभर आधी वाट. पहिल्यांदा मोठ्यानं हसू आलं ती नोंद कुठली? पुस्तक मिटून बाजूला ठेवावंसं कुठे वाटलं? कुणाचे दोन कान उपटावेसे वाटले? शेवटची दहा पानं तुम्ही लिहिली असती तर काय बदललं असतं? प्रत्येकाखाली दोन ओळींचीच जागा ठेव. जास्त जागा दिलीस की लोक कथानक लिहून देतात, आणि ते कुणालाच नको असतं. कागद हातानं भरून घे. ग्रुपवर उत्तरं मागितलीस तर पहिल्या दोघांचं मत वाचून बाकीचे आपलं मत बेतणार.

उत्तरात पानाचा नंबर मागू नकोस, नोंदीची तारीख माग. कुणाकडे नवी आवृत्ती असेल, कुणाकडे फूटपाथवरची जुनी, कुणी मोबाइलवर वाचत असेल. ‘पान ११२ बघा’ म्हटलंस की पाच मिनिटं नुसती पानं उलटण्यात जातात. ही तर डायरी आहे, जानेवारी ते डिसेंबर. तारीख सांगितली की सगळे एका जागी येतात, आणि एका दिवसात अनेक नोंदी असतील तर पुढे घड्याळाची वेळही दिलेली असते.

आणखी एक अडचण नक्की येणार. निम्म्या लोकांनी पुस्तक न वाचता २००१चा सिनेमा पाहिलेला असेल. त्यांना घालवू नकोस, पण ओळखून ठेव. बर्फ पडत असताना रस्त्यात मारलेली मिठी आणि दोन पुरुषांची मारामारी सिनेमातली आहे, कादंबरीत नाही. ब्रिजेटच्या आईच्या आयुष्यात आलेला माणूस सिनेमात टीव्हीवरून वस्तू विकतो. पुस्तकात त्याच्या जागी हूलिओ आहे, तो पोर्तुगीज आहे आणि ओळखीच्यांचे पैसे घेऊन पसार होतो. कुणी मारामारीचं कौतुक करू लागलं की गोड बोलून सांग, ‘तो भाग पडद्यावरचा, आपण आता पुस्तकात राहू.’ एकदा सांगितलंस की पुरे, दुसऱ्यांदा टोचतं.

आता मुख्य भांडणाकडे येऊ. तुझ्या कागदांवर दोन गट दिसणार. एक म्हणेल, बाई सारखी वजन, कॅलरी, सिगारेट आणि दारू मोजत बसते, अशा नायिकेवर हसायचं म्हणजे बायकांचीच टिंगल. दुसरा म्हणेल, हेच तर गमतीचं. दोघांनाही तारखेवर आण. पहिलीच नोंद १ जानेवारीची आहे. वजन ९ स्टोन ३ पौंड. स्टोन म्हणजे १४ पौंड, म्हणजे हे झाले १२९ पौंड, साधारण साडेअठ्ठावन्न किलो. हा आकडा किलोत करून फळ्यावर लिही, कारण आपल्याकडे स्टोन कुणाच्या डोक्यात बसत नाही आणि मग सगळ्यांना वाटतं बाई खरंच जाडी आहे. साडेअठ्ठावन्न म्हटल्याबरोबर खोलीत आवाज उठेल. विनोद तिच्या वजनावर नसून तिच्या मोजण्यावर आहे, हे तिथेच कळतं.

त्याला जोडून दुसरी जागा दाखव. एप्रिलच्या सुमारास ती ८ स्टोन ७ पौंडांवर पोचते, म्हणजे ५४ किलो. वर्षानुवर्षांचं ध्येय गाठलं. आणि मित्रमंडळी काय म्हणतात? दमलेली दिसतेस, आधीच बरी होतीस. ही नोंद वाचल्यावरही कुणी म्हणालं की पुस्तक बारीक होण्याची भलामण करतं, तर त्यानं ही नोंद खोडून दाखवायला हवी. उलट बाजूचं म्हणणंही पूर्ण ऐकून घे: शेकडो पानं रोज तोच ताळेबंद वाचल्यावर एका नोंदीतली चपराक पुरते का? हा आक्षेप मला रास्त वाटतो. पुस्तकाच्या शेवटी वर्षाचा गोषवारा येतो, त्यात जेवढं वजन वाढलं जवळजवळ तेवढंच उतरलं आहे. तो गोषवारा पहिल्या गटालाच वाचायला दे. हसले तर हसले.

‘मधे तेच तेच आहे’ हा शेरा जवळजवळ प्रत्येक कागदावर असेल. त्याचं कारण सांगून टाक. ब्रिजेट आधी १९९५ मध्ये लंडनच्या ‘द इंडिपेंडंट’ या वृत्तपत्रात सदर म्हणून आली, कादंबरी १९९६ची. सदराला प्रत्येक हप्त्यात आपला स्वतंत्र फटाका लागतो, मागचा हप्ता न वाचलेल्यालाही कळावं लागतं, म्हणून सवयी आणि शेरे पुन्हा पुन्हा येतात. सलग वाचताना तेच खुपतं. ज्यांनी दोन रात्रींत संपवली त्यांना कंटाळा आला असेल, ज्यांनी लोकलमध्ये वाशी ते ठाणे रोज थोडी थोडी वाचली त्यांना नाही. तेव्हा कागदावर कोपऱ्यात ‘किती बैठकीत वाचली’ हेही लिहून घे. निम्म्या मतभेदांचा उलगडा तिथेच होईल.

विनोद कसा बांधला आहे हे दाखवायला एकच प्रसंग पुरे, सूपचा. पाहुणे जेवायला येणार म्हणून ती नामांकित शेफच्या पुस्तकातून आपल्या आवाक्याबाहेरचा मेन्यू निवडते. इथपर्यंत हसू नाही, फक्त धोका दिसतो. मग नोंदी घड्याळाच्या वेळेनं येऊ लागतात, अंतर कमी कमी होत जातं, वाक्यं तुटक होतात. झाकण काढते तर सूप निळं. कारण? आतल्या जिनसा बांधायला घेतलेली दोरी निळी होती. पुढे संत्र्यांच्या गोड पदार्थाचा मुरंबा होतो. बघ, यात कुणी घसरून पडत नाही, कुणी कुणाला टोमणा मारत नाही. कारण साधं, बिनचूक आणि आधीपासून स्वयंपाकघरात पडलेलं. हा प्रसंग मोठ्यानं वाचायचा तर वेळा वगळू नकोस. वेळ वाचून अर्धा सेकंद थांब, मग वाक्य. घाईत वाचलास की दोरी ऐकूच येत नाही आणि सूप वाया जातं. आधी एकदा एकटीनं वाचून बघ, तीन मिनिटांपेक्षा जास्त होत असेल तर सुरुवात काप, शेवट नाही.

‘शेवट आधीच कळला’ या तक्रारीला फार किंमत देऊ नकोस. फील्डिंगनं सांगाडा उघडपणे जेन ऑस्टेनच्या १८१३च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वरून घेतला आहे. नायकाचं नावच मार्क डार्सी, आणि असं नाव घेऊन पार्टीत फुगून एकटं उभं राहणं ब्रिजेटलाही हास्यास्पद वाटतं. जोडी जमणार हे वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असतं. तक्रार वाटेबद्दल असायला हवी. ऑस्टेनच्या ६१ प्रकरणांपैकी ३४व्यात नायिका एलिझाबेथ तिथल्या डार्सीला लग्नाला साफ नकार देते, पुढच्या प्रकरणात त्याचं पत्र येतं, आणि मग दोघांनाही बदलायला बरीच पानं मिळतात. ब्रिजेटमध्ये ती पानं मार्कला मिळत नाहीत. तो महिनोन्महिने दिसत नाही, मग येऊन तिच्या आईनं केलेला घोळ निस्तरतो आणि नाताळात नायक होतो. तिचा बॉस आणि प्रियकर डॅनियल लबाड खरा, पण प्रत्येक नोंदीत जिवंत आहे; मार्कबद्दल आपल्याला वाचून कमी आणि सांगून जास्त कळतं. माझ्या मते पुस्तकाचा खरा कच्चा दुवा हाच. शेवटचा पेच ब्रिजेटच्या हातून सुटत नाही, तो तिच्यासाठी सोडवला जातो. हे चर्चेत निघालं नाही तर तूच काढ.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. या कादंबरीत एकाच घरातल्या एकट्या बायका दोन आहेत. ब्रिजेट तिशीतली, आणि तिची आई, जी नवऱ्याला सोडून घराबाहेर पडते आणि टीव्हीवर अचानक एकट्या पडलेल्यांच्या मुलाखती घेऊ लागते. मुलगी एकटी म्हणून सगळे नातेवाईक हळहळतात. आई एकटी झाली की धमाल सुरू होते, आणि वडील मुलीला फोन करत बसतात. एकटेपणाला पुस्तक काय समजतं हे बघायचं तर या दोघींच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. हा प्रश्न तू विचार, मी विचारला तर ‘आईची बाजू’ म्हणून उडवून लावतील.

आणि हो, तुमच्या गटात काकवा आहेत, तेव्हा घसरण कुठे होणार तेही सांगून ठेवते. नववर्षाच्या जेवणावळीत ब्रिजेटला जो तो प्रेमप्रकरणाची चौकशी करतो. तो आपल्याकडचा ‘यंदा कर्तव्य आहे का?’ या प्रश्नाचाच इंग्लिश अवतार. तो प्रसंग निघाला की दहा मिनिटांत कुणाच्या तरी भाचीचं स्थळ टेबलावर येईल. ओरडू नकोस, मोबाइल दाखवून वेळही सांगू नकोस. शांतपणे विचार, ‘काकू, हे कुठल्या नोंदीवरून आठवलं?’ तारीख सांगितली तर गाडी पुस्तकावर परत आली, नाही सांगितली तर त्याच हसून थांबतील. (हाच प्रश्न मी या पत्रात तुला विचारत नाहीये, हे नोंदवून ठेव.)

वेळ नव्वद मिनिटांचीच ठेव. पहिली दहा मिनिटं कागदांवरच्या तारखा मोठ्यानं वाचण्यात, कुणाची कुठली ते न सांगता. मग सूपचं वाचन. नंतर वजनाचा वाद, त्याला अर्धा तास तरी लागेलच. मग मार्क आणि डॅनियल. उरलेल्या वेळात दोन बायका. प्रत्येकाला आळीपाळीनं बोलायला लावायची शिस्त करू नकोस. आपली पाळी येईपर्यंत लोक ऐकत नाहीत, वाक्य जुळवत बसतात. बारापेक्षा जास्त माणसं झाली तर दोन गट कर आणि मार्क-डॅनियलचा प्रश्न एकालाच दे.

अंकात लिहिताना चारशे शब्द पुरे. आधी सगळ्यात जास्त वेळा आलेली तारीख आणि तिथे लोक का हसले ते. मग सगळ्यात जोरदार आक्षेप, त्याच्याच शब्दांत. त्याला मिळालेलं उत्तर, तेही तारखेसकट. ‘सर्वांना पुस्तक आवडलं’ असं लिहू नकोस, कारण ज्याला आवडलं नाही तो अंक हातात घेऊन तुझ्या दारात येईल. नावं देऊ नकोस, ‘एका वाचकाच्या मते’ पुरतं. ‘खुसखुशीत’, ‘निखळ मनोरंजन’, ‘एकदा तरी वाचावं’ हे शब्द सापडले की खोड. त्यांच्या जागी नोंदीची तारीख लिही.

पुढच्या वेळी एखादी विनोदी मराठी कादंबरी घ्या, म्हणजे स्टोन-पौंडाची कटकट नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं आहे, जुन्या पुस्तकांसाठी तिथे विचार. यादी केलीस तर मी बघून ठेवते.

रविवारी दुपारी ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक असतो तेव्हा ठाण्याहून येणाऱ्यांची पंचाईत होते, म्हणून चर्चा पाचच्या आधी लावू नकोस आणि शनिवारी रात्री वेळापत्रक बघून ग्रुपवर टाक. कागद भरून आले की फोटो काढून पाठव. अक्षर दिसेल असे काढ, मागच्या वेळचे सगळे तिरके होते.

तुझी,
आई