सूप घेऊन या म्हणणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या ऑस्टिओपॅथीने, म्हणजे हाताने केलेल्या उपचारांनी, आईची मान आता पुष्कळ बरी आहे. रात्री डाव्या कुशीवर झोपते आणि हाताला मुंग्या येत नाहीत. तुमच्या परवानगीने हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आमच्या वसाहतीत गल्लोगल्ली मान धरलेल्या बाया आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या लेकीसुनेच्या नजरेला हे पडावं.

सोलापूरजवळच्या कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत म्हणजे विडी कामगार बायांनी झगडून मिळवलेली दहा हजार घरं. 2006 साली घरं ताब्यात आली, काम मात्र तेच राहिलं. मांडीवर सूप, सुपात कापलेलं तेंदूचं पान, त्यावर चिमूटभर तंबाखू. वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं आणि पुढची घ्यायची. मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे मान वर करायला फुरसत नसते. मान दुखते म्हणून आई जिथे जिथे गेली, तिथे तिला एकच सांगितलं गेलं: काम बंद करा. एकाने तर मान झटक्यात फिरवून कट्ट आवाज काढला आणि 'नस बसली' म्हणाला. त्यानंतर हाताच्या मुंग्या वाढल्या.

तुम्ही मानेला हात लावायच्या आधी किती प्रश्न विचारलेत! ताप येतो का, वजन उतरलंय का, चालताना पाय अडखळतात का, हातातून भांडं निसटतं का. मग म्हणालात, "मुंग्या आहेत, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मगच मी हात लावीन." दारात आलेला पेशंट असा आधी दुसरीकडे पाठवणं सोपं नसतं. डॉक्टरांनी तपासून, एक्स-रे बघून ऑपरेशनचं कारण नाही असं सांगितलं. आम्ही परत आलो, तर तुम्ही आईला म्हणालात, "पुढच्या वेळी तुमचं सूप घेऊन या."

ती जमिनीवर बसून विड्या वळत होती आणि तुम्ही समोर मांडी घालून नुसत्या बघत होतात. मग तिच्या बरगड्यांवर तळवे ठेवलेत आणि मला तिचा श्वास दाखवलात. पोट दाबलेलं, श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला, खाली यायला जागा नाही, म्हणून प्रत्येक श्वासाला मानेच्या बाजूचे स्नायू वरच्या बरगड्या ओढून धरतायत. ते स्केलीन स्नायू पहिल्या दोन बरगड्यांना जोडलेले असतात आणि हाताकडे जाणाऱ्या नसा त्यांच्यामधूनच जातात, हे तुम्ही माझ्याच मानेवर बोट ठेवून समजावलंत. दुखणं मानेत, पण तुम्ही सुरुवात केलीत पाठीच्या मधल्या भागापासून आणि बरगड्यांपासून. मानेला झटका एकदाही दिला नाहीत. अशा झटक्याने क्वचित का होईना, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते आणि तो कट्ट आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होण्याचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नव्हे, हेही तेव्हाच कळलं. तुमच्या तळव्यावर आईने डोकं हलकेच रेटायचं, काही सेकंदांनी सैल सोडायचं, मग तुम्ही मान थोडी आणखी पुढे न्यायची. ती तर म्हणाली, "एवढ्यानंच?"

ऑस्टिओपॅथी हा शब्द मी तुमच्याकडेच ऐकला. अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरांची तीन मुलं 1864 साली मेंदूज्वराने गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वासच उडाला. 1874 मध्ये त्यांनी हा विचार मांडला, 1892 मध्ये मिसूरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी कॉलेज काढलं. शरीर एकसंध आहे, स्वतःला सावरण्याची शक्ती त्याच्यात आहे, आणि रचना नि कार्य एकमेकांवर अवलंबून असतात, हे त्यांचं सूत्र. मला ते पटलं, कारण सुपावर वाकलेल्या आईत मी ते बघितलं होतं.

तितकंच पटलं तुमचं खरं बोलणं. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेले लोक पूर्ण डॉक्टर असतात, औषध देतात, ऑपरेशन करतात. "मी मात्र फिजिओथेरपिस्ट आहे, त्यातली हाताची तंत्रं शिकलेली," असं तुम्ही स्वतःहून सांगितलंत. कंबरदुखीसाठी या उपचाराला बऱ्यापैकी आधार आहे, पण कवटीची हाडं हलक्या हाताने हलवून आजार बरे होतात या दाव्याला नाही, हेही लपवलं नाहीत. आईच्या बीपीच्या गोळ्यांना हात लावू नका, असं तर दर वेळी बजावलंत.

आणि काम बंद करा असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. पाठीला भिंत, बुडाखाली घडी घातलेली गोधडी, सूप पाटावर उंच, विड्यांची एक जुडी झाली की हात डोक्यावर नेऊन पोटातून श्वास. आईने हे शेजारणींनाही शिकवलंय. ती सगळ्यांना सांगते, "माझी मान बघायच्या आधी माझं काम बघितलं की हिनं."

एक विनंती आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी आमच्या वसाहतीत याल का? तीस-चाळीस बाया आपापली सुपं घेऊन येतील, सतरंज्या आणि जागेचं मी बघते. जेवायला आईच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे. तारीख तुम्ही कळवा.

आपली,
कुंभारीच्या विडी कामगार आईची मुलगी