लाल झालेली हळद

रामबाग, इंदूर
18 जानेवारी

ती. आई आणि ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं बाबा म्हणतील. फोनवर आई एका दमात तीन प्रश्न विचारते आणि मी घाबरून चौथ्याचंच उत्तर देते, म्हणून. शिवाय साबणाचं पार्सल पाठवायचंच होतं. नुसत्या वड्या पाठवल्या तर तुम्ही त्या कपाटात साड्यांमध्ये ठेवाल, हे मला माहीत आहे.

हळद पोचली, भडंगही पोचलं. भडंग शेजारी वाटलं तर त्यांनी पहिल्यांदा त्यावर शेव घातली. इथे शेव कशावरही घालतात, त्यावर मी आता बोलत नाही. आम्ही मजेत आहोत. मंदारची शिफ्ट, सईचं न जेवणं तुम्हाला पाठ आहे. थंडी आहे, पण स्वेटर आहेत. पाटल्या जपून आहेत. निखिलने घरी काय काय सांगून ठेवलंय ते आईच्या आवाजावरून कळलं, तेव्हा आधी त्याचं बघते.

मी साबणासाठी घरात ॲसिड उकळत नाही. ते ॲसिड नाहीच, नेमकं त्याच्या उलट आहे: कॉस्टिक सोडा. आणि तो उकळावाही लागत नाही, पाण्यात टाकला की पाणी आपोआप ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापतं. (हे वाचून आईला धीर येणार नाही, कळतंय.) पण नियम साधा आहे. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. विलिंग्डनला तीन वर्षं केमिस्ट्री केली ती अगदीच वाया गेली नाही, बाबा. हे काम मी गच्चीवर करते, सई शाळेत असताना, चष्मा आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालून. एकदा, एकदाच, मनगटावर थेंब उडाला. लगेच नळाखाली हात धरला, चांगला पंधरा मिनिटं. डाग मेथीच्या दाण्याएवढा आहे, बांगड्या घातल्या की दिसतही नाही.

एक मात्र कबूल करते. आईने दिलेलं जर्मनचं मोठं पातेलं गेलं. सोड्याला ॲल्युमिनियम चालत नाही, हे परीक्षेत लिहिलं होतं मी. ऐन वेळी हाताला तेच लागलं. फसफसलं, काळं पडलं आणि वर वाफ. आता सगळं स्टीलचं आहे.

तर साबण असा होतो. 400 ग्रॅम खोबरेल, 450 मोहाचं तेल, 150 एरंडेल, मिळून एक किलो. त्याला सोडा 147 ग्रॅम. अंदाजपंचे काही नाही, सगळं काट्यावर, मापाने नाही वजनाने, कारण प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो. खोबरेलाला सगळ्यात जास्त. हिशेबाने जेवढा बसतो त्याहून मी पाच टक्के कमीच घालते, म्हणजे सोडा सगळा संपतो आणि थोडं तेल तसंच उरतं. तेव्हा 'अंगाला सोडा लावायचा का' या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर: तयार वडीत सोडा नसतोच. आणि मोहाचं तेल म्हणजे दारू नाही. दारू फुलांची, तेल बियांचं. झाबुआ-अलीराजपूरकडून येतं, या थंडीत डब्यात तुपासारखं थिजतं आणि वासही कच्च्या तुपासारखाच, जरा उग्र.

तेल आणि सोड्याचं पाणी दोन्ही कोमट झाली की एकत्र करून घोटायचं. आधी ताकासारखं पातळ असतं, मग कढी, मग एकदम पिठल्याच्या वळणावर येतं. पळीतून धार सोडली की ती वर क्षणभर रेघेसारखी राहते. तेवढ्यात पेटीत ओतायचं. नंतर ओतायला गेलं तर गोळा. पेटी मी आजीच्या गोधडीत गुंडाळते. आत शिरून बसावं इतकी ऊब येते त्याला, रात्रभर. पहिल्यांदा मी मध्यरात्री उठून गोधडीवर हात ठेवून पाहिला होता. मंदार म्हणाला, ताप आलाय का कुणाला.

आता बाबांच्या हळदीचं. पत्र खरं त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. तुम्ही पाठवलेल्या राजापुरीचे दोन चमचे तेलात कालवले, सुंदर पिवळं झालं. सोड्याचं पाणी पडलं आणि डोळ्यांदेखत लाल! विटकरी नाही हो, लालच. मी घाबरून ब्लेंडर बंद केला. हळदीत भेसळ म्हणावं तर बाबांनी पस्तीस वर्षं मार्केट यार्डात अडतीवर काढलेली, त्यांच्या हातची हळद. मग आठवलं. आजी हरिपूरला पाटावर बसून हळदीत चुन्याची निवळी आणि लिंबू घालायची, वाळवायची, आणि कुंकू व्हायचं. तेच हे! चुनाही अल्कली, सोडाही अल्कली. पाचवीपासून कुंकू लावते आणि हे मला पिठल्यासारख्या साबणाने सांगावं लागलं. रंग टिकत नाही म्हणा, वड्या वाळता वाळता हळूहळू उतरून पिवळट-तपकिरी होतो. पाठवलेल्या वड्या अजून थोड्या लालसर आहेत, त्यांना काही झालेलं नाही.

संक्रांतीला मात्र मी आधीच्या वड्या लुटल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला केलेल्या होत्या, पूर्ण वाळलेल्या. इथल्या काकू (घरमालकीण, यांचे पूर्वज होळकरांबरोबर आले, हे त्या मागच्या आठवड्यात सामान उतरवल्यासारखं सांगतात) म्हणाल्या, "अगं, वाण म्हणून साबण देऊन राहिली तू? लोक म्हणतील आम्हाला घाण समजते ही." पण आलेल्या सतरा बायकांपैकी कुणी काही बोललं नाही. चार जणींनी दुसऱ्या दिवशी विचारायला मुली पाठवल्या. आणि काकूंनी स्वतःसाठी दोन वेगळ्या ठेवून घेतल्या, पदराखाली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

निखिल म्हणाला 'कचरेवाला ताईवर ओरडला', तर ओरडला नाही. हे नीट समजावून सांगते, कारण सांगलीत बसून ते कळणार नाही. मला समजायला सहा महिने लागले. इथे रोज सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते. गाडीला कप्पे असतात. ओला, सुका एवढ्यावर भागत नाही. प्लास्टिक वेगळं, सॅनिटरी वेगळं, बंद पडलेला चार्जर वेगळा, आणि बल्ब, संपलेली औषधं, रंगाचे डबे असलं घातक वेगळं. एकूण सहा. तुम्ही म्हणाल, दाखवण्यापुरतं असेल. नाही. लोक खरंच करतात. काकू दुधाची पिशवी कापून धुतात आणि चिमटा लावून दोरीवर वाळत घालतात, मग प्लास्टिकमध्ये. ओल्या पिशव्या गाडीत टाकायची त्यांना लाज वाटते! पाहुणे आले की पाणी विचारायच्या आधी केळ्याचं साल कुठल्या डब्यात ते सांगतात. शहर 2017 ते 2023 सलग स्वच्छतेत देशात पहिलं आलं, आणि तो नंबर प्रत्येकाला आपल्या घरातल्या मुलाचा वाटतो. तर मी सोड्याची रिकामी बाटली प्लास्टिकमध्ये टाकली. गाडीवरच्या दादाने ती काढली, लेबल वाचलं, मला परत दिली आणि म्हणाला, "दीदी, ये छठे में." एवढंच. काकूंनी मात्र खिडकीतून पाहिलं आणि तीन दिवस माझ्याशी जपून बोलल्या. साल उघड्यावर टाकलं असतं तरी चाललं असतं, असं तोंड होतं. मीही आता पिशव्या दोरीवर घालते. परवा मंदारच्या रुमालाशेजारी ताकाची पिशवी वाळत होती.

आई, तू विचारलं होतंस याने सई उजळेल का. नाही. साबणाने कुणी उजळत नाही. वडी अंगावर मिनिटभर असते आणि वाहून जाते, त्यातली हळद काय आणि दूध काय, किती काम करणार? मी लोकांनाही तसंच सांगते, म्हणून मंदार म्हणतो तुला विकता येणार नाही. खरं ते एवढंच की साबण होताना ग्लिसरीन आपोआप बनतं. मोठ्या कारखान्यांत ते बरंचसं वेगळं काढून घेतात, माझ्या वडीत ते राहतं. त्यात ते न मुरलेलं पाच टक्के तेल. म्हणून थंडीत अंघोळीनंतर पाय पांढरे पडत नाहीत. तुझ्या टाचांसाठी तेवढं पुरे. तुझ्या उटण्याचा गव्हलाकचोरा आणि नागरमोथाही घालून पाहिला, पण भरड राहिला आणि अंगावर वाळू घासल्यासारखं झालं. दिवाळीला उटणंच बरं.

फसलेलेही आहेत. माळव्यात सोयाबीन मुबलक, म्हणून स्वस्तात पडेल असं वाटून एक घाणा जवळजवळ सोयाबीन तेलाचाच केला. वडी मऊच राहिली, दोन महिन्यांत अंगावर नारिंगी ठिपके आले आणि खवट वास. तो सगळा काकूंच्या भाषेत 'डब्बा गुल'. आता तेलात काटकसर करत नाही.

काटकसरीवरून. बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, 'धंदा आहे का छंद', आणि मी सईला जेवायला वाढायचंय म्हणून ठेवला. धंदा आहे. किंवा होईल. अंगाचा साबण विकायचा तर परवाना लागतो, सौंदर्यप्रसाधनांचे 2020 चे नियम आहेत. स्वयंपाकघरात करून चालत नाही, वेगळी खोली, मांडण्या, नोंदवह्या, केमिस्ट्री शिकलेलं माणूस. ते माणूस मी आहे, तेवढा खर्च वाचला. खोली काकूंच्याच मागच्या अंगणातली घेतली, फरशी करून घेतली. अर्ज दिला आहे. तोवर एक वडीही विकलेली नाही, नुसत्या देते. म्हणजे गेल्या आठ महिन्यांत या कामातून आलेला पैसा शून्य. लिहून टाकलं.

म्हणून निखिलच्या लग्नात मांडवाचे आणि वाजंत्रीचे पन्नास हजार मी देणार होते, ते वीसच जमतील. बाकीचे दिवाळीपर्यंत. निखिलला मी सांगितलं आहे, तो 'जाऊ दे गं' म्हणाला. तो तसं म्हणाला त्याचंच जास्त लागलं. पाहुण्यांना द्यायच्या दीडशे वड्या माझ्याकडून. 10 जानेवारीला कापल्यात, मांडणीवर उभ्या करून ठेवल्यात, रोज कूस बदलते. चार ते सहा आठवडे वाळाव्या लागतात, त्याआधी वापरल्या तर भराभर विरघळतात. लग्न 22 फेब्रुवारीचं, म्हणजे बसतंय. पण म्हणूनच मला आठ दिवस आधी येता येणार नाही. 19 ला पोचते. करवलीने तीन दिवस आधी यायचं म्हणजे काय, हे मामी बोलणार आहेत. बोलू देत. देवक बसायच्या आधी मी तिथे असेन.

बाबा, चष्मा काढा आता. पुढचं पान आईसाठी आहे. साड्यांचं आहे.

आई,

साड्यांचं नाही. पाटल्या जपून आहेत हे खोटं नाही, बँकेच्या तिजोरीत आहेत, पण लॉकरमध्ये नाहीत. सोनेतारण केलंय. ते पुष्कळ जास्त देत होते, मी ऐंशी हजारच घेतले. व्याज दर महिन्याला भरते, एकही चुकवलेलं नाही, पावत्या आणते दाखवायला. मंदारला माहीत आहे. तो म्हणाला होता माझ्याकडून घे, पण सईच्या शाळेचे तेव्हाच भरले होते आणि मला ते त्याच्याकडून नको होते. का ते विचारू नकोस, मलाही नीट सांगता येणार नाही.

तू फोनवर म्हणालीस 'लग्नात पाटल्या घालून ये, नव्या सुनेच्या घरचे बघतील', तेव्हा मी हो म्हणाले. लग्नाआधी सुटत नाहीत आई. दोनदा हिशेब केला. मी काचेच्या हिरव्या भरून घालीन, दोन्ही हात कोपरापर्यंत, चुडा भरल्यासारख्या. तुझ्या पाटल्यांच्या वेळी तू दूध विकायचीस ते मला आठवतं, म्हणून हे लिहायला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी किंक्रांत होती, त्या दिवशी वाईट लिहू नये म्हणून थांबले. मग नुसतीच थांबले.

बाबांना तू सांग किंवा मी आल्यावर सांगते. रागाव, पण फोनवर नको, सई ऐकते.

पार्सलमध्ये सहा वड्या आहेत. हळदीच्या तीन, त्यांच्या कागदावर तारीख लिहिली आहे, त्याआधी काढू नकोस. साध्या पांढऱ्या तीन लगेच चालतील. पाण्यात ठेवू नकोस, जाळीवर ठेव, नाहीतर लगदा होईल आणि तू म्हणशील बाजारचाच बरा होता. हळद अजून अर्धा किलो लागेल. बाबांना म्हणावं, जुनी असेल तरी चालेल, लालच व्हायची आहे.

तिळगूळ वेगळ्या डब्यात आहे. त्याला साबणाचा वास लागला असेल तर माफ कर.

तुझी,
मनू