पीट पोस्टलथ्वेट हा स्पीलबर्गचा शोध नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ब्रिटिश चरित्र अभिनेत्यांवरचा लेख आवडला. त्यात पीट पोस्टलथ्वेट यांच्या वाट्याला चारच ओळी आल्या आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. चरित्र भूमिका करणाऱ्याला जगभर साधारण तेवढीच जागा मिळते. पण त्या चार ओळींत ‘स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी पन्नाशीत शोधून काढलेला नट’ असे म्हटले आहे, ते पटले नाही, म्हणून हे पत्र.

स्पीलबर्ग यांच्याकडे पोस्टलथ्वेट यांनी १९९७ मध्ये दोन चित्रपट केले, ‘द लॉस्ट वर्ल्ड’ आणि ‘आमिस्टाड’. जगातला सर्वोत्तम नट बहुधा हाच, असे स्पीलबर्ग तेव्हा म्हणाले आणि ते वाक्य पोस्टलथ्वेट यांना जन्मभर चिकटले. त्यांनी स्वतः त्याची थट्टाच केली. ते म्हणायचे, स्पीलबर्ग खरे तर म्हणाले असतील की, या पीटला आपणच जगातले सर्वोत्तम नट आहोत असे वाटते, एवढेच. पण त्याआधी तीन वर्षे, १९९४ मध्ये, ‘इन द नेम ऑफ द फादर’मधल्या कामाबद्दल सहायक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी त्यांना नामांकन मिळाले होते (पुरस्कार ‘द फ्युजिटिव्ह’साठी टॉमी ली जोन्स यांनी नेला). आणि त्याच्याही आधी वीसेक वर्षे ते रंगभूमीवर उभे होते. मग शोधले कुणी आणि कुणाला?

शोधायचाच असेल तर माणूस लिव्हरपूलमध्ये शोधावा. जन्म १९४६ चा, वॉरिंग्टनचा. घर कामगाराचे, कॅथलिक वळणाचे. पाद्री व्हायचे म्हणून काही काळ सेमिनरीत काढला, मग शिक्षक झाले, शाळेत नाटक शिकवले आणि त्यानंतर ब्रिस्टल ओल्ड विकच्या नाट्यशाळेत स्वतः शिकायला गेले. पुढे लिव्हरपूलच्या होप स्ट्रीटवरचे एव्हरीमन थिएटर. सत्तरच्या दशकातला तिथला नटसंच पाहिला की थक्क व्हायला होते. जोनाथन प्राइस, ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, अँटनी शेर ही सगळी मंडळी तेव्हा तिथेच घडत होती. त्यांचा प्रेक्षक लंडनचा उच्चभ्रू रसिक नव्हता. गावातलीच माणसे होती. खोटे वाटले तर ती तोंडावर सांगणारी. पोस्टलथ्वेट यांच्या अभिनयात जो बिनदिखाऊपणा दिसतो, तो मला या तालमीतून आलेला वाटतो.

त्याचा पुरावा म्हणून १९८८ चा टेरेन्स डेव्हिस यांचा ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज’ पाहावा. लेखात त्याचा उल्लेखही नाही. लिव्हरपूलच्या कामगारवस्तीतला बाप, घरातल्या सगळ्यांना मारझोड करणारा. नाताळच्या आदल्या रात्री तो झोपलेल्या मुलांकडे अशा काही मायेने बघतो की आपण विरघळतो. आणि दुसऱ्या दिवशी तोच टेबलावरचे कापड ताटांसकट खाली ओढतो. दोन्ही प्रसंगांत माणूस एकच वाटतो, यातच सगळे आले. बापाला खलनायक करून टाकणे सोपे होते आणि अखेरीस त्याचे मन पालटलेले दाखवणे त्याहून सोपे.

‘इन द नेम ऑफ द फादर’मधला जुझेपे कॉनलन हा नेमका उलटा बाप. १९७४ च्या गिल्डफर्ड बॉम्बस्फोटांच्या प्रकरणात पोराच्या मागोमाग निर्दोष बापही तुरुंगात गेला आणि १९८० मध्ये कैदेतच वारला. पोराची सुटका झाली १९८९ मध्ये. चित्रपटात बापलेक एकाच कोठडीत राहतात, प्रत्यक्षात तसे नव्हते, आणि त्यावर तेव्हा बरीच टीका झाली होती. टीका रास्त होती. पण डॅनियल डे-लुईससारखा नट समोर आदळआपट करत असताना पोस्टलथ्वेट आवाज न चढवता बसून राहतात आणि आपली नजर त्यांच्याकडेच जाते. त्या कोठडीबद्दल दिग्दर्शकाला मी त्यासाठी माफ करून टाकले आहे.

लेखात ‘द युज्वल सस्पेक्ट्स’मधल्या कोबायाशीची तारीफ आहे. मला ते काम तितकेसे रुचत नाही. जपानी आडनाव आणि बोलण्याची ढब मात्र आपल्या उपखंडाकडची, अशी ती गंमत आहे. चित्रपटाच्या शेवटी तिचा उलगडा होतो हे खरे, पण ती नटापेक्षा पटकथेची करामत.

आता ‘ब्रास्ड ऑफ’ (१९९६). यॉर्कशरमधल्या ग्रिमथॉर्प या खाणगावाचा वाद्यवृंद मोठा नावाजलेला. ऑक्टोबर १९९२ मध्ये सरकारने एकतीस खाणी बंद करण्याचे जाहीर केले आणि त्याच महिन्यात या खाणकामगारांनी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. चित्रपट या हकिकतीवर बेतलेला आहे, गावाचे नाव तेवढे बदलून ‘ग्रिमली’ केले आहे, आणि वाजवले आहे खुद्द ग्रिमथॉर्पच्या वादकांनीच. पोस्टलथ्वेट यांचा डॅनी हा त्यांचा बँडमास्तर. कोळशाच्या धुळीने छाती खाल्लेली, आणि डोक्यात मात्र संगीतावाचून दुसरे काही नाही. खाण बुडाली तरी चालेल, बँड टिकला पाहिजे, असा हट्ट. पोटचा पोरगा कर्जापायी विदूषकाचा वेश करून पोरांचे खेळ करत हिंडतो, तेही म्हाताऱ्याच्या लक्षात येत नाही. मी लालबागचा. १९८२ च्या संपानंतर एकेक भोंगा बंद होताना आमच्या चाळींत भजनीमंडळे आणि नाटकवेडे कसे तग धरून होते ते पाहिलेले असल्याने, डॅनीकडे परका म्हणून बघणे मला जमत नाही. शेवटी जिंकलेला करंडक नाकारून तो जे बोलतो, ते भाषण कुठल्याही नटाने सहज आरडाओरड करून वाया घालवले असते.

गंमत पुढे आहे. खाणकामगारांचा हा लाडका डॅनी २००९ मध्ये कोळशाच्या विरोधात उभा राहिला. हवामानबदलावरच्या ‘द एज ऑफ स्टुपिड’ या चित्रपटात त्यांनी २०५५ सालच्या उद्ध्वस्त जगातला एकटा माणूस उभा केला. किंग्जनॉर्थला कोळशावर चालणाऱ्या नव्या वीजकेंद्राला परवानगी दिलीत, तर २००४ मध्ये मिळालेला ओबीई किताब परत करीन, असे त्यांनी सरकारला चित्रपटाच्या पहिल्या खेळाच्या वेळी जाहीरपणे बजावले. पुढे तो प्रकल्प मागे पडला. काहींना यात विसंगती दिसेल. मला दिसत नाही. डॅनीच्या फुप्फुसात साचला होता तोही कोळसाच होता.

नाव झाल्यावरही त्यांना एव्हरीमन सुटले नाही. २००८ मध्ये लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरले, तेव्हा ‘किंग लिअर’ करायला ते त्याच रंगमंचावर परतले. नंतर तो प्रयोग लंडनच्या यंग विक नाट्यगृहात गेला. वाट लिव्हरपूलहून लंडनकडे, हे लक्षात घ्यावे. २०१० मध्ये ‘इन्सेप्शन’मध्ये ते मरणपंथाला लागलेले उद्योगपती झाले, ‘द टाऊन’मध्ये फुले विकणारा निर्दय गुन्हेगार. कर्करोगाने २ जानेवारी २०११ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ते गेले. ‘द टाऊन’साठी बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचे नामांकन त्यानंतर आले.

पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापणे शक्य असेल, तर स्पीलबर्गच्या जागी एव्हरीमनचे नाव घालावे, ही विनंती. तिसऱ्या ओळीला जागा असेल तर ‘ब्रास्ड ऑफ’चेही.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई