उटी आधी, जॅक नंतर: उस्तादांना पत्र

उस्ताद,
सप्रेम नमस्कार.

पिकअपचं टायर नीट कसं बदलायचं ते तुम्ही शिकवलंत, त्याबद्दल आम्ही सगळे ड्रायव्हर तुमचे मनापासून आभार मानतो. प्रत्येक कामामागचं कारण सांगितलंत, म्हणून ते हाताला लागलं.

सगळ्यात मोठं ऋण उटीचं, म्हणजे चाक सरकू नये म्हणून त्याला लावायच्या लाकडी ठोकळ्याचं. मागचं एक चाक उचललं की गिअरमध्ये ठेवलेली गाडीसुद्धा सरकू शकते, हे तुमच्यामुळे कळलं. मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या साध्या डिफरन्शियलमध्ये इंजिनाकडून येणारा शाफ्ट जखडलेला असला, तरी हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सुटं होतं. हँडब्रेक बहुतेक पिकअपना फक्त मागच्या चाकांवर. म्हणजे त्या वेळी सगळी गाडी एकाच चाकाच्या ब्रेकवर उभी! म्हणून कठीण, सपाट जागा, हँडब्रेक, पहिला गिअर आणि तरीही पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी. तो 'तरीही' आता कुणी विसरत नाही.

माल आधी उतरवायचा. स्टेपनी हौद्याखाली टांगलेली असते, तीही जॅक लावण्यापूर्वीच खाली घ्यायची. उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. स्टेपनीची केबल गंजून अडकते, म्हणून अधूनमधून खालीवर करून बघायची आणि तेव्हाच हवाही तपासायची. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करायचे, कारण उचलल्यावर पान्ह्याला झटका दिला तर गाडी जॅकवरून निसटते.

मागे जॅक ॲक्सलखाली, पाट्यांजवळ (म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगजवळ). डिफरन्शियलच्या गोळ्याखाली कधीच नाही. चॅसीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, लावला तर पाटे लोंबतात, गाडी जास्त उचलावी लागते आणि डुलते. माती मऊ असेल तर जॅकखाली जाड फळी. काढलेलं चाक लगेच चॅसीखाली आडवं सरकवायचं, जॅक गेलाच तर गाडी त्यावर टेकते.

आणि नटांचं! हबवरचा, म्हणजे चाक जिथे बसतं त्या भागावरचा, गंज तारेच्या ब्रशने घासायचा, नाहीतर तो थर नंतर दबतो आणि घट्ट केलेले नट सैल पडतात. स्टडला, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या बोल्टला, तेल लावायचं नाही. घर्षण कमी होऊन तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. नटाची निमुळती बाजू रिमकडे. आधी सगळे हाताने, मग पान्ह्याने समोरासमोर: सहा नट असतील तर 1 नंतर 4, 3 नंतर 6, 5 नंतर 2. शेवटचा जोर चाक जमिनीला टेकवूनच, तोही गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कइतका, म्हणजे आवळायच्या ठरलेल्या जोराइतका. पान्ह्यावर उभं राहून आवळलेला नट पुढच्या वेळी स्टडच तोडतो. 50 ते 100 किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पान्हा फिरवायचा.

उस्ताद, तुम्ही कापून दिलेले लाकडी ठोकळे आता प्रत्येक गाडीत सीटमागे ठेवलेले असतात.

तुमचेच,
पिकअपवरचे ड्रायव्हर